पिचर शेवटी

“पिचर नेहमी शेवटी घ्यायचा, कारण माणसाच्या अंगात हाताइतकं बेइमान दुसरं काही नसतं.”

नॉर्ब चार्नेकी हे पहिल्यांदा म्हणाला तेव्हा लाऊ किस्लिंगच्या बारमागच्या खोलीत आम्ही सगळे हसलो होतो. तो हसला नव्हता. डाव्या हातानं पिस्ते सोलत बसला होता. पुढे लाऊनं ते वाक्य एका पुठ्ठ्यावर लिहून खोलीच्या दारावर ठोकलं. त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं जोडलं, ‘आणि बिल त्याच्याही नंतर द्यायचं.’

नॉर्ब माझा साडू, तिघांतला थोरला. वांडा, आयरीन आणि माझी टेरेसा या तीन बहिणींनी तीन तऱ्हेचे नवरे केले. वांडाचा नॉर्ब काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायचा. आयरीनचा एमेट ड्यूगन मोटारींच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गाड्यांची दारं बसवायचा. मी शहराच्या पाणी खात्यात, घरोघरी मीटर वाचत फिरायचो. साडू म्हणजे आपण न निवडलेला माणूस. सणाला त्याच्या शेजारी बसायचं, त्याची गाडी नवी आली की वाहवा करायची आणि घरी येऊन बायकोला विचारायचं की त्यांना हे कसं परवडतं. आमचं तसंच होतं. फक्त आमच्यात बेसबॉल होता, म्हणून बोलायला काहीतरी असायचं.

मार्च संपता संपता, मॉमी नदीवरचा बर्फ फुटून सरोवराकडे वाहायला लागला की, हंगामाआधीच्या शनिवारी दुपारी आम्ही दहा जण लाऊकडे जमायचो. मोठ्या लीगमधले खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे; त्या वाटणीला आम्ही ड्राफ्ट म्हणायचो. एकानं एक नाव घ्यायचं, मग पुढच्यानं. घेतलेलं नाव दुसऱ्याला मिळत नाही. मग पानगळ सुरू होईपर्यंत त्या माणसांनी खऱ्या मैदानात जे केलं त्याचे गुण आमच्या कागदी संघांना. भिंतीवर मोठा पांढरा तक्ता लावलेला असायचा. प्रत्येकाचा एक उभा रकाना, आणि नाव घेतलं की त्या नावाचा स्टिकर तिथे चिकटवायचा. फलंदाजांचे स्टिकर निळे, त्यांना चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे पिवळे. ते चिकटवायचं काम माझं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि भांडणात मला कुणी मोजत नाही. नियम एकच कडक होता. तक्त्यावर बसलेला स्टिकर पुन्हा निघत नाही. एकदा आमच्या चर्चमधल्या डीकन फेलिक्सनं भलत्याच जोसेफला घेतलं आणि सबंध उन्हाळा तो जोसेफ त्याच्या संघात बाकावर बसून राहिला. डीकननं परमेश्वराची इच्छा म्हणून सोडून दिलं.

पिचर कधी घ्यायचा, यावर आमच्यात दरवर्षी वाद व्हायचा. फलंदाज रोज खेळतो. पिचर पाच दिवसांतून एकदा उतरतो, आणि उतरतो तेव्हा त्या सामन्यात तोच राजा असतो. म्हणून मोह होतो. डीकन फेलिक्सला तो मोह सगळ्यांत आधी व्हायचा. त्याचा पहिला पिवळा स्टिकर तक्त्यावर लागला की खोलीतली हवा बदलायची. आता चांगले पिचर संपणार, आपण मागे राहणार, असं प्रत्येकाला वाटायचं. मग पुढचा पिचर घ्यायचा, त्याच्या पुढचा पिचर घ्यायचा, मीही घ्यायचो. माझ्या हातात फलंदाज असताना, मनात फलंदाज असताना, तोंडातून पिचरचं नाव जायचं. आणि नॉर्ब टरफलांची लहानशी रास करत शांत बसलेला असायचा. त्याची पाळी आली की आमच्या घाबरटपणानं मागे राहिलेला एखादा उत्तम फलंदाज तो उचलायचा, रस्त्यात पडलेली वस्तू उचलावी तसा. त्याचा रकाना वरपासून निळा निळा उतरत यायचा आणि अगदी तळाला पिवळा व्हायचा. मेमध्ये आमच्या पिचरांचे खांदे एकेक करून जायला लागायचे. तो वर्तमानपत्र चाळून कुठलातरी नाव नसलेला पोरगा फुकटात उचलायचा.

मला त्याच्या त्या बसण्याचा हेवा वाटायचा. जिंकण्याचा कमी, बसण्याचा जास्त. सगळे धावत असताना न धावणारा माणूस बघितला की आपलं धावणं आपल्यालाच हास्यास्पद दिसतं. ते मी त्याला माफ केलं नव्हतं.

तो असा का बसू शकतो ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. शाळेत असताना तो स्वतः पिचर होता. संघांची माणसं टोप्या घालून त्याला बघायला यायची. शाळा सुटल्यावर त्याला आयोवातल्या एका खालच्या लीगमध्ये घेऊन गेले. पहिल्याच उन्हाळ्यात खांद्यात काहीतरी फाटलं आणि तो बसनं परत आला. त्यानंतर उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. चर्चमध्ये उंचावरची मेणबत्ती वांडा लावायची. कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांच्या घरी काही ठेवलेलंच नसायचं.

त्यांना मूल झालं नाही. त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. एमेट आणि आयरीनला मात्र कॅझ झाला. आजोबांवरून नाव ठेवलं कॅझिमिर.

ड्यूगनांचं घर आणि चार्नेक्यांचं घर एकाच गल्लीच्या दोन बाजूंना, गॅरेजांच्या पाठी एकमेकांकडे करून उभी होती. कॅझच्या हाताला चेंडू धरता यायला लागल्यापासून नॉर्ब त्या गल्लीत उपड्या बादलीवर बसून त्याचे चेंडू झेलायचा. एमेट दुसऱ्या पाळीला. पोरगा शाळेतून यायचा तेव्हा बाप कामावर निघालेला असायचा. ते हातमोजे, उन्हाळी शिबिरं, ते बूट सगळं एमेटच्या जादा तासांतून आलं होतं. पण चेंडू हातमोज्यावर आपटल्याचा आवाज नॉर्बच्या हातून यायचा. एमेट गाडी बाहेर काढताना तो ऐकायचा. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ऐकू यायचा, असं त्यानंच मला एका ईस्टरला सांगितलं होतं. आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो, आत बायका भांडी आवरत होत्या. तो म्हणाला, “माझ्या पोराच्या कोपराला रोज दुसरा माणूस हात लावतो, आणि मी लोकांच्या गाड्यांना दारं लावतो.”

कोपराचं खरं होतं. खेळ संपला की नॉर्ब पोराला जवळ बोलवायचा आणि अंगठ्यानं त्याच्या कोपराची आतली बाजू दाबत जायचा. बाटली उजेडात धरून तडा शोधावा तसं त्याचं तोंड व्हायचं. दुखतंय का, इथे, आणि इथे. दाढी फुटेपर्यंत वळणारा चेंडू टाकायचा नाही, असं त्यानं बजावलं होतं. शाळेच्या प्रशिक्षकानं एकदा तो टाकायला लावला, तर नॉर्ब मैदानाचं कुंपण ओलांडून आत गेला आणि पोराला हाताला धरून घरी घेऊन आला. बाप कामावर होता. संध्याकाळी आयरीननं फोन करून एमेटला सांगितलं. एमेट म्हणाला, बरं केलं. मग फोन ठेवायच्या आधी म्हणाला, कुणी सांगितलं होतं त्याला?

घरी नॉर्ब ‘आपला कॅझ’ म्हणायचा. बाहेर, लोकांत, ‘आयरीनचा मुलगा’. एवढी काळजी तो घ्यायचा. पण कॅझच्या वाढदिवसाला तो स्वयंपाकघराच्या चौकटीत उभा राहून, पोरगा नवी वस्तू आधी कुणाला दाखवायला नेतो ते बघत राहायचा. मी त्याला ते बघताना बघायचो. मला स्वतःचं मूल आहे, मुलगी, ती सिनसिनाटीत दातांची डॉक्टर आहे आणि तिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही. ते दोघं एका पोरासाठी जळायचे तेव्हा मला वाटायचं, आपल्याकडे जळण्यासारखंही काही नाही.

कॅझ खालच्या लीगांमधून वर चढत गेला तेव्हा प्रत्येक सामन्यानंतर तो पहिला फोन नॉर्बला करायचा. बसमधून, मोटेलच्या पायऱ्यांवरून. दोघं एकेक चेंडू बोलून काढायचे. एमेटला सामना कसा झाला ते आयरीनकडून कळायचं, आणि आयरीनला वांडाकडून. नॉर्ब तेव्हापासून फोन नेहमी टेबलावर उताणा ठेवायला लागला, तोंड वर करून. जेवतानासुद्धा.

मग गेल्या सप्टेंबरात कॅझला मोठ्या लीगमध्ये बोलावलं. पहिला सामना डेट्रॉइटला, तासाभराच्या वाटेवर. आम्ही दोन गाड्या भरून गेलो. त्यानं दोन डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला: एमेट आणि आयरीन उभे, तोंडं उघडी, हात वर. नॉर्ब एमेटच्या पलीकडे होता. फोटोच्या कडेला त्याच्या राखाडी जाकिटाची बाही तेवढी आली होती. लाऊनं तो फोटो काचेत बसवून बारच्या भिंतीवर टांगला. नॉर्ब त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “बाही छान आली आहे.”

त्यानंतर तो लाऊकडे नेहमी त्या भिंतीला पाठ करून बसायचा.

मोठ्या लीगमध्ये प्रशिक्षक वेगळे, यंत्रं वेगळी, चेंडू किती फिरतो तेही पडद्यावर दिसतं. हिवाळ्यात कॅझचे फोन कमी झाले. या फेब्रुवारीत तो फ्लोरिडाला सरावाला गेला, आणि मार्चमध्ये नॉर्बला एकही फोन आला नाही. वांडानं माझ्या बायकोला सांगितलं की नॉर्ब फोन चार्जरवरून काढून पुन्हा लावून बघतो, चालतोय की नाही.

आता त्या शनिवारचं सांगतो.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. नॉर्ब त्या दिवसांत बिअर सोडतो, म्हणून त्याच्यासमोर जिंजर एल होतं, आणि त्यावरून लाऊनं त्याला यथेच्छ पिडलं. लाऊच्या बायकोनं बटाट्याचे पिएरोगी तळले होते. आम्ही बाहेरच्या बारमधून मागच्या खोलीत आलो, येताना त्या फोटोसमोरून. नॉर्ब खाली बघत आला. बसल्यावर त्यानं पिस्त्यांची पुडी फोडली आणि शेजारी फोन ठेवला, उताणा.

आमच्यात एक सभ्यपणा होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण होता. कुणाचा आपला माणूस खेळत असेल, तर बाकीच्यांनी तो त्याला सोडायचा. लाऊच्या चुलतबहिणीचा जावई काही वर्षं मोठ्या लीगमध्ये होता, कुचकामी होता, पण दर वर्षी तो लाऊलाच मिळायचा. तेव्हा कॅझ एमेटचा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो पूर्ण हंगाम खेळणार असा हा पहिलाच ड्राफ्ट. कुठल्या फेरीत घेणार, एवढंच एमेटला विचारायचं होतं. डीकननं विचारलं.

एमेट बाटलीवरचा कागद नखानं खरवडत होता. म्हणाला, “शेवटच्या. नॉर्बचंच वाक्य आहे ना दारावर. पिचर शेवटी.”

सगळे हसले. लाऊ म्हणाला की पोराला कळलं तर बाप म्हणून तुझं नाव लावणार नाही. एमेटनं हात झटकला, जाऊ दे म्हणाला, त्याला काय कळतंय. मी नॉर्बकडे बघितलं. पिस्ता त्याच्या बोटांत अर्धा उघडलेला होता आणि तो तसाच होता. त्याच्या स्वतःच्या वाक्यानं त्याच्या कॅझला तळाला टाकलं होतं, उरल्यासुरल्यांत, मेमध्ये फुकट उचलायच्या पोरांत. ते ऐकताना त्याचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला खेळात दिसला, खेळाच्या बाहेर बसलेला नाही.

मग पाळ्या काढायच्या. लाऊच्या वडिलांची जुनी टोपी, त्यात नावाच्या चिठ्ठ्या. पहिली चिठ्ठी डीकननं काढली आणि ती नॉर्बची निघाली. पहिली निवड त्याच्या वाट्याला कधी आली नव्हती. दुसरी माझी निघाली.

पहिली निवड म्हणजे देशातला सगळ्यांत मोठा फलंदाज. तो कोण, याबद्दल त्या वर्षी कुणालाच शंका नव्हती. कॅलिफोर्नियातला तो डावखुरा, ज्याच्याबद्दल बाहेरच्या टेबलांवरच्या बायकाही बोलायच्या. लाऊ म्हणाला, “चला, चार्नेकीला राज्याभिषेक. आता तर हा जूनमध्येच आपल्याला निरोप देईल.” मी त्या डावखुऱ्याचा निळा स्टिकर आधीच सोलून अंगठ्यावर धरला होता. तेवढं मला कळत होतं, की नॉर्बनंतर माझी पाळी आहे आणि तो राहणार नाही.

नॉर्ब उठला.

त्याला उठायची गरज नव्हती. नाव बसून घ्यायचं, चिकटवायचं मी. तो टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आला आणि कोऱ्या स्टिकरांसाठी हात पुढे केला. नव्या पोरांचे छापील स्टिकर नसतात, त्यांची नावं हातानं लिहावी लागतात, म्हणून आम्ही कोरे ठेवतो. त्यानं निळे बाजूला सारले आणि एक पिवळा घेतला. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. वाकून टेबलावर लिहिलं. डाव्या हातानं, मोठ्या अक्षरांत, कारण डाव्या हातानं त्याला लहान लिहिता येत नाही. ड्यूगन.

तक्ता उंच लावलेला होता. पहिली जागा वर, डाव्या कोपऱ्यात. त्यानं उजवा हात उचलला. तो खांद्यापर्यंत गेला आणि थांबला. मग त्यानं डाव्या हातानं उजव्याचं कोपर खालून धरलं आणि वर ढकलत नेलं, जड पेटी माळ्यावर चढवावी तसं. चेहरा वाकडा झाला. कुणी मदतीला उठलं नाही, मीही नाही. स्टिकर बसला. थोडा तिरका बसला. त्यानं तो अंगठ्यानं दाबला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत.

पहिल्यांदा लाऊ हसला. “नॉर्ब, उपासाला बिअर सोड म्हटलं होतं चर्चनं. डोकं सोड म्हटलं नव्हतं.”

मग दोघं-तिघं हसले. डीकन म्हणाला, मला वर्षानुवर्षं नावं ठेवली आणि हा बघा. कुणीतरी दारावरचा पुठ्ठा काढा म्हणालं. मला माझ्या अंगठ्यावरच्या निळ्या स्टिकरची आठवण झाली, देशातला सगळ्यांत मोठा फलंदाज आता माझा होता, आणि एक क्षण मला आनंद झाला हे खरं आहे.

एमेट हसत नव्हता. त्यानं बाटली खाली ठेवली.

“काढ ते,” तो मला म्हणाला.

मी म्हटलं, एमेट, नियम आहे.

“नियम मला ठाऊक आहे. काढ.”

नॉर्ब अजून तक्त्यापाशीच उभा होता, उजवा हात पोटाशी धरून. त्यानं वळून एमेटकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी गेली कित्येक वर्षं त्या स्वयंपाकघराच्या चौकटीत बघत आलो होतो, फक्त आता ते झाकलेलं नव्हतं.

“का?” तो म्हणाला. “तुझा आहे म्हणून? तू त्याला तळाला टाकणार होतास. लाऊच्या जावयाशेजारी. मी वर लावला. तुला पोटात दुखायचं कारण काय?”

“नॉर्ब, बस खाली.”

“नाही बसत. दहा जणांसमोर तू म्हणालास, शेवटी. त्याचा हात कसा आहे ते तुला माहीत तरी आहे का? तू कधी झेललास? एक चेंडू?”

खोलीत आता कुणीच हसत नव्हतं. लाऊनं हातातली थाळी हळूच ठेवली. एमेट उठला नाही. तो बसल्या जागी पुढे वाकला, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवून, जणू त्याला जमिनीशी बोलायचं होतं.

“त्याचं कोपर गेलंय,” तो म्हणाला. “मंगळवारी. सराव करताना. आतली ती शीर की काय, पूर्ण तुटली. सोमवारी कापणार आहेत. हे वर्ष गेलं, पुढचंही बहुतेक जाईल. संघानं अजून बाहेर सांगितलेलं नाही, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. शेवटी घेतो म्हटलं ते म्हणून. कुणाची जागा फुकट जाऊ नये म्हणून.”

 नॉर्ब पोटाशी धरलेल्या हाताचं कोपर अंगठ्यानं दाबायला लागला, आतल्या बाजूनं. आपण ते करतोय हे त्याला कळत नव्हतं.

“तुला कधी कळलं?”

“बुधवारी. त्यानंच फोन केला.”

नॉर्बनं टेबलावरच्या फोनकडे बघितलं. फोन होता तसा उताणा पडला होता, काळा.

“मला नाही आला,” तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की पलीकडच्या टोकाला बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल. पिचर शेवटी का घ्यायचा ते त्या खोलीत त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एकदाच, एका हातासाठी त्यानं ते मोडलं होतं, आणि तो हात चार दिवस आधीच गेला होता. पण त्याला ते दिसतच नव्हतं. त्याला फक्त फोन दिसत होता. मला वाटलं एमेट आता इथे थांबेल. त्यानं थांबायला हवं होतं. जिंकलेला माणूस थांबतो. पण एमेट जिंकलेला दिसत नव्हता. 

“तुला येणारच नव्हता,” तो म्हणाला. “ऐक. मला त्यानं सगळं नीट सांगितलं. कुठे तुटलं, डॉक्टर कोण, किती महिने. शांतपणे. विम्याच्या माणसाला सांगावं तसं. मी म्हटलं, घाबरू नकोस, तर म्हणाला, नाही घाबरत, डॅड. मग मी म्हटलं, नॉर्बकाकांना मी सांगू का.” खरवडलेल्या कागदाच्या गोळ्या त्याच्या बोटांना चिकटल्या होत्या, त्या त्यानं पँटला पुसल्या. “तेव्हा रडला. लहान होता तेव्हा रडायचा तसा. म्हणाला, काकांना नको, काय तोंडानं सांगू त्यांना, त्यांनी एवढं जपलं होतं.”

कुणीतरी खुर्ची सरकवली आणि पुन्हा थांबलं.

“मी बाप आहे त्याचा, नॉर्ब,” एमेट म्हणाला. “माझ्यापुढे रडायलासुद्धा त्याला तुझं नाव लागलं.”

मी त्या दोघांच्या मधे उभा होतो, अंगठ्यावर निळा स्टिकर घेऊन. एमेटनं मान वर केली नाही. माझी पाळी होती, घड्याळ चालू होतं, प्रत्येक पाळीची वेळ मोजायला लावायचं ते लाऊचं अंड्याच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ, आणि ते वाजलं तरी कुणी ते बंद केलं नाही. ते आपोआप थांबेपर्यंत आम्ही सगळे ते ऐकत राहिलो.

नॉर्ब टेबलाकडे आला. त्यानं फोन उचलून शर्टाच्या खिशात ठेवला. मग नेहमीसारखी पिस्त्यांची टरफलं डाव्या तळव्यात गोळा केली, एकही टेबलावर ठेवलं नाही, आणि कोपऱ्यातल्या डब्यात टाकली. खुंटीवरून जाकीट घेतलं. उजवी बाही चढवायला त्याला वेळ लागतो; वांडा नसली की तो ती तशीच लोंबती ठेवतो. तशीच ठेवली. एमेटच्या खुर्चीमागून जाताना तो थांबेल असं मला वाटलं, पाऊल हळू झालं होतं. पण तो पुठ्ठा लावलेलं दार खांद्यानं ढकलून बाहेरच्या बारमध्ये गेला, त्या फोटोसमोरून गेला, आणि रस्त्यावर निघून गेला.